एका फोटोवरून दीपमाळ त्रिमितीत कशी उभी कराल?

औंधला यमाईच्या देवळापुढे आहे तशी दीपमाळ सातारा-सांगलीकडे कितीतरी गावांत दिसते. तिचं त्रिमितीय मॉडेल करायला ड्रोन लागत नाही. नीट काढलेला एक फोटो आणि ब्लेंडर हे मोफत मिळणारं त्रिमितीय सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं.

फोटोत खोली उतरत नाही, ती आपल्याला बाहेरून पुरवावी लागते. इथे दीपमाळेची गोलाई कामाला येते: एका बाजूची कड मिळाली की न दिसलेली पाठही मिळते.

सगळ्यात जास्त वेळ फोटोला द्या. जवळून फोन वर करून काढला तर माथा निमुळता दिसतो. दीपमाळ मुळातच निमुळती, त्यामुळे त्यातलं खरं किती ते मग ओळखू येत नाही. म्हणून लांब जा, झूम करा, फोन ताठ उभा धरा. शेजारी एक मीटरची काठी उभी करा, पण दीपमाळेच्या मध्याच्या रेषेत. काठी पुढे आली तर ती मोठी दिसते आणि सगळं मॉडेल बुटकं होतं.

ब्लेंडरमध्ये फ्रंट व्ह्यूला, म्हणजे समोरून बघताना, फोटो रेफरन्स म्हणून घ्या. दीपमाळेचा मध्य झेड अक्षावर, म्हणजे उभ्या अक्षावर, आणा आणि काठी 1 मीटर भरेल इतका फोटो लहानमोठा करा. आता एकाच बाजूची कड बिंदू टाकत काढा; हीच कड पुढे अक्षाभोवती फिरवायची आहे. दिव्यांचे हात त्यात घेऊ नका, फिरवल्यावर त्यांच्या चकत्या होतात. चौथरा चौकोनी असेल तर तोही वेगळा करा. मग कड फिरवणारं साधन, स्क्रू मॉडिफायर: अक्ष झेड, कोन 360, स्टेप्स (फेरीचे टप्पे) 64. दीपमाळ अष्टकोनी असेल तर स्टेप्स 8, आणि फोटो कोपरा समोर धरूनच काढलेला हवा. सपाट बाजू समोर असेल तर मॉडेल बारीक होतं. हात एकदाच बनवून अक्षाभोवती प्रती करा. त्यांची संख्या मात्र जागेवर फेरी मारून मोजा.

पडताळा सोपा आहे. गोल बुंध्याला टेप गुंडाळा, घेराला 3.14 ने भागा, मॉडेलच्या व्यासाशी ताडून बघा.

देवळापुढचा नंदी असा गोल नसतो, त्याला ही युक्ती चालत नाही. तिथे एका फोटोवरून त्रिमितीय आकार बनवणारं, 2024 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं ट्रायपोएसआरसारखं एआय मॉडेल वापरता येतं. पण शेपटी कुठे वळलीय, पलीकडचा कान फुटलाय का, हे त्याला दिसलेलंच नसतं. ते अंदाजाने भरतं. गावच्या नोंदीसाठी मॉडेल ठेवणार असाल, तर हा अंदाजाचा भाग वेगळ्या रंगात दाखवाच.