बाबांनो, मोबाइलवर शिका आणि ओट्यापाशी शिकवा

पोरांच्या आहाराचा व्हिडिओ आला की तो बायकोला फॉरवर्ड करून मोकळं व्हायचं, ही आपली बापलोकांची खोड. त्याऐवजी स्वतः शिका आणि शिकलेलं पोरांसोबत करून बघा.

सुरुवात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेपासून करा. तिने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना काढल्या, त्या ऑनलाइन फुकट मिळतात. पोरं झोपली की एकच वाचा. ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा, एवढी एक जमवायलाही आठवडा जातो. व्हिडिओच बघायचा तर शेवट आधी बघा. तिथे पावडरचा डबा निघाला, तर बंद करा. पोरांसोबत बघताना दहा मिनिटं पुरेत, आणि जेवताना तर मुळीच नको.

किराणा आला की बिस्किटाचा पुडा उलटा करा. १०० ग्रॅममागे साखर किती, ते छापलेलं असतं. त्या आकड्याला चारने भागा, साधारण तेवढे चहाचे चमचे. २४ ग्रॅम म्हणजे सहा. पोराला तेवढी साखर वाटीत मोजून काढू द्या. आमची चार वर्षांची कन्या तिसऱ्याच चमच्याला म्हणाली, "अजून?" यावर भाषण देऊ नका. साखर परत डब्यात.

खरी मजा मटकीत आहे. रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा आणि गाठ सोडून बघायचं काम पोराकडे द्या. मोड आपण काढले म्हटल्यावर उसळ निदान चाखली तरी जाते. वर लिंबू पिळायचं, तेही त्यानेच. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. आमच्याकडे निम्मा रस कोपरापर्यंत ओघळतो, बिया उसळीत. चालायचंच. नाही खाल्ली तर दोन दिवसांनी पुन्हा वाढा. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय रुळत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र इतक्या लहानांना नकोत, घशात अडकतात. कूट घाला.

चहा लोह अडवतो, शिवाय या वयात तो नकोच. आजी बशीतून देत असेल, तर तिला तुम्ही सांगा, सुनेला पुढे करू नका. मी आईला म्हटलं, बशी तुझीच, फक्त त्यात ताक ओत.