मारुती 800 उभी असताना थरथरते: स्क्रूला हात लावण्याआधीची तयारी

जुनी मारुती 800 सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरू लागते, गिअरचा दांडा नाचतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच गाडी बंद पडेल असे वाटते. अशा वेळी बॉनेट उघडल्यावर पहिला हात पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूला जातो आणि तिथेच शोध भरकटतो, कारण स्क्रू फिरवल्याने आरपीएम वाढून थरथर झाकली जाते, मूळ दोष तसाच राहतो आणि पेट्रोल मात्र जास्त जळू लागते. म्हणून ही तयारी अशा क्रमाने लिहिली आहे की स्क्रूची पाळी सर्वांत शेवटी यावी. 2000च्या आसपास एमपीएफआय (संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) येईपर्यंतच्या गाड्या कार्बोरेटरच्या होत्या. पण दोन्ही प्रकारांत इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे असल्यामुळे बरीचशी तपासणी सारखीच होते.

हत्यारे काढण्याआधी दोन-तीन दिवस एका वहीत नोंदी ठेवाव्यात. थरथर सकाळी थंड इंजिनावर येते की गरम झाल्यावर, हेडलाइट किंवा एसी लावल्यावर वाढते का, पाऊस पडून गेल्यावर जास्त जाणवते का आणि नुकतेच पेट्रोल भरले होते का, हे तारखेसह लिहावे. सर्वांत महत्त्वाची नोंद अशी, की रेस वाढवल्यावर थरथर नाहीशी होते की तशीच राहते. पाय सोडलेला असताना थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असते आणि इंजिन फार थोडी हवा घेते, त्यामुळे एखाद्या फाटक्या पाइपमधून शिरणारी जास्तीची हवाही मिश्रण बिघडवते; रेस वाढली की तीच गळती किरकोळ ठरते. रेस वाढवूनही मिसिंग, म्हणजे मधला एखादा स्फोट चुकणे, चालूच राहिले, तर संशय ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या करंटवर किंवा कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमधल्या दाबावर) घ्यावा.

तीन सिलिंडरचे इंजिन मुळातच थोडे हलते, हे विसरू नये. मिनिटाला 850 फेऱ्यांवर निरोगी इंजिनात सेकंदाला सुमारे 21 स्फोट होतात आणि ते कानाला सलग ऐकू येतात. एक सिलिंडर मेला, तर सेकंदाला सुमारे सात वेळा ठराविक ठेक्याने झटका बसतो. ठेका नियमित असेल तर दोष एका सिलिंडरचा समजावा, अनियमित असेल तर हवेचा किंवा पेट्रोलचा. आवाज ठीक असून फक्त केबिन हादरत असेल, तर इंजिनाचे माउंटिंग आधी पाहावे, कारण त्याचे रबर बसले की चांगले इंजिनही आजारी वाटते.

जुन्या पीयूसीच्या पावत्याही हाताशी ठेवाव्यात. बहुतेक जण त्या फक्त पोलिसांना दाखवण्यापुरत्या जपतात, पण कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, आणि तो आकडा बेताचा असून हायड्रोकार्बन चढलेले असतील तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे मिसिंग आहे, असा अंदाज त्यांवरून बांधता येतो.

आदल्या संध्याकाळी प्लगपाना, फट मोजायचे फिलर गेज, मल्टिमीटर, एक जुना पण चालू प्लग, दोन्ही टोकांना चिमटे असलेली वायर, टॉर्च, पाणी फवारण्याची बाटली आणि मीटरभर रबरी नळी एकत्र ठेवावी. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये आणि चाकांना विटा लावून उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन अजिबात चालवू नये. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि अचानक सुरू होतो, म्हणून ओढणी, सैल बाह्या आणि बोटे त्याच्यापासून लांब ठेवावीत.

आता हवेकडे यावे, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. माझ्या गाडीचे कार्बोरेटर एका गॅरेजात दोनदा उघडून साफ झाले आणि दोन्ही वेळा थरथर आठवड्याभरात परतली. शेवटी मॅनिफोल्डवर (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळावर) बसणारा करंगळीएवढा व्हॅक्यूमचा पाइप मी हातात घेतला. वरून तो काळा, गुळगुळीत आणि धडधाकट दिसत होता. किंचित वाकवला तेव्हा खालच्या बाजूला नखभर लांबीची चीर उघडली आणि सोडताच मिटली. म्हणून प्रत्येक पाइप नुसता पाहू नये, तर बंद इंजिनावर वाकवून, पिळून पाहावा. मग इंजिन चालू करून नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे सांध्यांजवळ धरून फुसफुस ऐकावी, आणि एकेक पाइप क्षणभर चिमटून आवाज बदलतो का ते पाहावे. गळती शोधण्यासाठी गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल मारणारे मी पाहिले आहेत. त्यातून आग लागते, ते कोणीही करू नये.

करंटची तपासणी अंधार पडताना करावी. प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्यूटर कॅपवर (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या झाकणावर) पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला, की खराब वायरीवर निळी ठिणगी सरसरताना दिसते; त्या वेळी कशालाही हात लावू नये. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत दोष बहुधा इथेच सापडतो. मेलेला सिलिंडर ओळखण्यासाठी इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिच्यात जुना प्लग बसवून त्याचे अंग चिमट्याच्या वायरीने इंजिनाच्या धातूला जोडावे, कार्बोरेटरपासून लांब ठेवावे आणि मगच इंजिन दहा-पंधरा सेकंद चालवावे. वायर उघडी सोडल्यास इग्निशन कॉइल जाऊ शकते, आणि चाचणी लांबवल्यास न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. ज्या सिलिंडरची वायर काढूनही इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो दोषी.

तिन्ही प्लग काढून 1, 2, 3 अशा क्रमाने कागदावर मांडावेत. बिस्किटासारखा तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकटपणा म्हणजे ऑइल वर येते, आणि पांढरेफटक टोक म्हणजे हवा जास्त. फट साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते, तरी गाडीच्या पुस्तकातले माप प्रमाण मानावे. दोषी सिलिंडरचा प्लग शेजाऱ्याशी बदलल्यावर दोषही सरकला, तर काम प्लगवरच भागते.

पेट्रोलचा विचार आता जास्त करावा लागतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. एमपीएफआयचा संगणक ते सावरू शकतो, कार्बोरेटर सावरू शकत नाही. शिवाय जुने रबर त्याने फुगते, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत ओलावा साचतो. म्हणून पाइप, फिल्टर आणि स्लो जेट (उभ्या इंजिनाला पेट्रोल देणारे कार्बोरेटरमधले बारीक छिद्र) पाहून घ्यावेत. एमपीएफआय गाडीत त्याऐवजी थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह साफ करावा.

इतके करूनही एक सिलिंडर मेलेलाच राहिला, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, त्या वेळी तिन्ही प्लग काढलेले, करंट तोडलेला आणि थ्रॉटल पूर्ण उघडे असावे. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घातल्यावर आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. न चढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट पाहावे.

सगळे निर्दोष ठरल्यावरच कार्बोरेटरच्या मिश्रण जुळवण्याच्या स्क्रूकडे वळावे. तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजून वहीत लिहावे आणि तितक्याच फेऱ्या परत बाहेर आणावा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. मग गरम इंजिनावर, हेडलाइट बंद ठेवून, पाव-पाव फेरीने जुळवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून तीच नोंद पुन्हा घ्यावी.