बॉक्समधून काढलेली लक्स डिस्क पासवर्डच विचारत नाही, तेव्हा

म्हापशाला किंवा फोंड्याला दुरुस्तीच्या दुकानात नवीन लागला असाल, तर पावसाळ्यात हे काम येणारच. खारट, दमट हवेने एक्स्टर्नल डिस्कच्या बॉक्सचं पोर्ट गंजतं, आपण आतली डिस्क काढून थेट साटाला (संगणकाच्या आतल्या डिस्क-पोर्टला) जोडतो आणि लक्सने (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) कुलूपबंद केलेलं पार्टिशन गायब! विंडोज तर 'इनिशिअलाइझ करा' म्हणून मागेच लागतं. हो म्हणू नका. कधीच नाही.

मी इथेच अडकलो होतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. काही बॉक्समधली चिप संगणकाला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवते. तीच डिस्क थेट जोडली की सेक्टर ५१२ चे होतात. जीपीटी, म्हणजे पार्टिशनच्या यादीचा, हेडर दुसऱ्या सेक्टरमध्ये असतो. तो लिहिला गेला बाइट ४०९६ वर, आणि लिनक्स आता शोधतं ५१२ वर. पार्टिशन २५६ क्रमांकाच्या सेक्टरला सुरू होत असेल, तर २५६ गुणिले ४०९६, म्हणजे १०,४८,५७६ वा बाइट. ५१२ ने गुणलंत तर पोचाल १,३१,०७२ वर. तिथे लक्सचा हेडर नसतो, म्हणून क्रिप्टसेटअप (लक्स उघडणारा प्रोग्राम) सांगतं की हे वैध लक्स डिव्हाइसच नाही. पासवर्ड विचारलेलाही नसतो! तो चुकला असता, तर आधी विचारला असता आणि मग या पासफ्रेजने की मिळत नाही म्हटलं असतं. तेव्हा गिऱ्हाइकाला उगाच जुने पासवर्ड आठवायला बसवू नका.

घाबरायचं कारण नाही, लक्सचा हेडर बहुधा जागेवरच असतो. डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे बाइटनबाइट प्रत, घ्या. ती लूप डिव्हाइसला (फाइलला डिस्कसारखी दाखवणारी लिनक्सची सोय) रीड-ओन्ली जोडताना सेक्टर साइझ ४०९६ द्या आणि पार्टस्कॅनचा पर्यायही (-P) लावा, पार्टिशन दिसतील. क्रिप्टसेटअपही रीड-ओन्लीच. आत एक्स्ट४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) असेल तर माउंट करताना 'नोलोड' हा पर्याय घाला, नाहीतर जर्नलवरून (अर्धवट राहिलेल्या बदलांच्या नोंदीवरून) अडेल.

क्रॅक केलेली रिकव्हरी सॉफ्टवेअर इथे कुचकामी. आणि कीबोर्ड हातातून ओढून घेणाऱ्या उस्तादापेक्षा मॅन पेज (कमांडचं माहितीपत्रक) बरं, हे माझं मत. दुकानात बोलून दाखवू नका.

उघडली की मालकाला हेडरचा बॅकअप करून द्या, लक्स२ मध्ये साधारण १६ एमआयबी. आपल्याकडे प्रत ठेवू नका: मालकाने पुढे पासवर्ड बदलला, तरी त्या जुन्या हेडरला जुना पासवर्ड चालतो.