वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयमधून हव्या तेवढ्याच नोंदी मागवा

वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला साइटवरच्या नोंदी मागवता येतील अशी सोय, एका वेळी मुळात 10 नोंदी देतो. मागणीसोबत द्यायचा 'पर_पेज' (एका पानावर किती नोंदी) हा पॅरामीटर वाढवून फार तर 100 मिळतात. एकूण नोंदी आणि पाने किती, हे उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे उत्तराला जोडलेल्या माहितीत येते. ते वाचूनच पुढचे पान मागा. शेवटच्या पानापलीकडे गेलात तर 400 ची एरर येते.

तारीख, कॅटेगरी यांवर गाळणी आणि तारीख, शीर्षक यांवर क्रम लावायची सोय तयारच असते. अडचण येते कस्टम फील्डची, म्हणजे नोंदीला आपण जोडलेल्या जादा माहितीची, उदाहरणार्थ किंमत किंवा कार्यक्रमाची तारीख. 2016 मध्ये आवृत्ती 4.7 मध्ये हा एपीआय वर्डप्रेसच्या कोअरमध्ये (मूळ सॉफ्टवेअरमध्ये) आला, तेव्हा मागणाऱ्याला अशा फील्डवरही शोधू देणारा 'फिल्टर' नावाचा सर्वसमावेशक पॅरामीटर वगळला गेला आणि वेगळ्या प्लगइनमध्ये गेला. तरीही ते प्लगइन सरसकट बसवू नका, असंच मी सांगेन. कोणत्या फील्डवर शोध घेता येईल हे बाहेरच्या माणसाने का ठरवावं? त्याऐवजी स्वतःचं छोटं प्लगइन लिहा: 'रेस्ट_पोस्ट_क्वेरी' या हुकवर (आपला कोड जोडायच्या ठरलेल्या जागेवर) नेमक्या एक-दोन फील्डना परवानगी द्या, मागणीत आलेलं मूल्य तपासून घ्या आणि मगच ते क्वेरीत (डेटाबेसच्या शोधात) घाला. किमतीसारख्या आकड्यांसाठी तुलनेचा प्रकार 'न्यूमेरिक' द्या, नाहीतर आकडे अक्षरांसारखे लावले जातात आणि 100 हा 20 च्या आधी येतो.

क्रम लावताना तारखेच्या जोडीला आयडीही द्या. नुसती तारीख दिली आणि एकाच वेळेच्या अनेक नोंदी असतील तर त्यांचा क्रम पक्का राहत नाही. एखादी नोंद दोन पानांवर दिसते आणि दुसरी गळून जाते.