सुरतची गाडी नाशिकची, एमएच १५ करायचीय? आधी बोजा बघा

मेहुण्याने सुरतला एक गाडी बघितलीय, पेट्रोल, आठ वर्षं जुनी, आणि रविवारी टोकन द्यायला निघालाय. मागच्या वर्षी मीही असाच निघालो होतो आणि नंतर साडेचार महिने गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. म्हणून खरं तर त्याच्यासाठी लिहायला बसलोय, पण नाशिकहून सुरत-वापीला गाड्या बघायला जाणारे एवढे आहेत की सगळ्यांनीच वाचा.

पैशाचं बोलणं निघायच्या आधी आरसी हातात घ्या आणि त्यावर बँकेचं नाव आहे का बघा. हायपोथिकेशन किंवा एचपीए असं लिहिलेलं असतं, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा आहे. मालक म्हणेल लोन केव्हाच फिटलं, आणि तो खरंही बोलत असेल, पण लोन फिटणं वेगळं आणि आरटीओत बोजा उतरणं वेगळं. बँकेत पैसे भरले म्हणून आरसीवरचं नाव आपोआप जाईलच असं नाही, त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेऊन मालकाने अर्ज करावा लागतो. काही बँका आता हे ऑनलाइन करतात, तरी ते झालंय का हे आपण आपल्या डोळ्याने बघायचं.

माझ्या वेळी मालकाने प्लास्टिकच्या फोल्डरमधून बँकेचं पत्र काढून दाखवलं. घडीवर पिवळं पडलेलं, खाली शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. मी आरसीवर बँकेचं नाव वाचलं होतं, पण पत्र बघून म्हटलं झालं काम, आणि पूर्ण पैसे देऊन सापुतारा घाटाने गाडी घेऊन आलो. पत्रावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती ती मी वाचलीच नाही. आरटीओसाठी बँक जे पत्र देते ते साधारण तीन महिनेच चालतं, मग परत बँकेकडून नवीन काढायचं, आणि ते मूळ कर्जदारानेच मागावं लागतं. आता त्याला त्याचे सगळे पैसे मिळालेले, तो कशाला कामधंदा सोडून बँकेत चकरा मारेल? फोन उचलणं बंद. बोजा उतरत नाही तोवर सुरतचं आरटीओ गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी देत नाही, आणि त्या एनओसीशिवाय पेठ रोडला, म्हणजे नाशिकच्या आरटीओत, तुमची फाइल कोणी हातात धरत नाही. मी तीन वेळा सुरतला जाऊन आलो. तेव्हा मालक काहीही म्हणो, एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि फायनान्सरचं नाव गेलंय का बघा, आणि गेलं नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.

पैसे कसे द्यायचे तेही ठरवून घ्या. मोठा हप्ता आरटीओची एनओसी हातात आल्यावर. मालक चिडला तर चिडू दे. आणि आरटीओच्या ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर मालकाचा कुठला मोबाइल नंबर नोंदलाय तो विचारा, कारण ओटीपी त्याच्यावर जातो. तो नंबर बंद असेल तर आधी बदलून घ्यायला लावा.

आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८. त्यावर नाशिक आरटीओ, एमएच १५ असंच यायला हवं, अर्ज भरताना शेजारी बसून बघा. मालेगावचं आरटीओ वेगळं आहे, एमएच ४१, तिकडच्या तालुक्यात राहत असाल तर आपला पत्ता कुठे मोडतो ते आधी विचारून ठेवा. एनओसीच्या आधी गाडीवरची ई-चलनं भरलेली हवीत, आणि गाडी चोरीची नाही याचा एनसीआरबीचा (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) रिपोर्ट ऑनलाइन काढून ठेवा. पण हे सगळं बोजा उतरल्यावर, त्याच्या आधी धावाधाव करून उपयोग नाही.

मालकाच्या सह्या एकाच बैठकीत घ्या. फॉर्म २९ दोन प्रती, फॉर्म ३०, त्याच्या आधार-पॅनच्या झेरॉक्सवर सही. सही आरटीओच्या रेकॉर्डशी जुळायला हवी, तेव्हा घाईत गुडघ्यावर कागद ठेवून करायला लावू नका. गाडीचं मूळ इनव्हॉइस मागा, हे बरेच जण विसरतात. इथला टॅक्स त्या किमतीवर निघतो, पेट्रोलला खासगी मालकासाठी १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२, डिझेलला तेच १३ आणि १४, आणि गाडी जितकी जुनी तितकी त्यातून सूट. टोकन द्यायच्या आधी हा आकडा काढा, नाहीतर स्वस्तात मिळालेली गाडी इथे येऊन महाग पडते.

गुजरातच्या गाड्यांना बऱ्याचदा बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असतं. ते आरसीवर चढवलेलं आहे का, आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी टेस्ट झालीय का, दोन्ही बघा. नसेल तर तिकडेच करून घ्यायला सांगा.

पेठ रोडला जाताना फॉर्म २७ हा नवीन नंबरसाठी, २९-३० नावावर करण्यासाठी, सोबत ओरिजिनल आरसी, एनओसी, इन्शुरन्स, पीयूसी, तुमचा नाशिकचा पत्ता असलेलं आधार. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घरीच सावकाश काढा. माझ्या गाडीत तो बॉनेटच्या आत मागच्या पत्र्यावर होता, ओल्या फडक्याने ग्रीस पुसलं, पातळ कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी घासली तेव्हा एकेक अक्षर उमटत गेलं. त्यातलं एक अक्षर पुसट आलं म्हणून मला परत काढायला लावला, दोन-तीन काढून ठेवा. गाडी तपासणीला न्यावी लागते, काळ्या फिल्म असतील तर काढून न्या.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो आपल्याला मिळत नाही, फरक भरायचा. दुसऱ्या राज्यातली गाडी इकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवीन नंबर घ्यावाच लागतो. पण विकत घेतलेली गाडी नावावर करायला कायद्याने ३० दिवसांचीच मुदत आहे, तेव्हा वर्ष आहे म्हणून बसून राहू नका.

नंबर मिळाला की एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, जुना फास्टॅग बंद करून नवीन. झालं.

आत्ताच मेहुण्याकडून त्या गाडीचा नंबर मागवून ॲपवर टाकला. फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव अजून आहे. त्याला सांगितलंय, रविवारी जा, गाडी चालवून बघ, चहा पी, आणि पैसे खिशात घेऊन परत ये.