खोडव्यातला केवडा असा गेला (माझा अनुभव)

चुनखडीची जमीन. उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर जुन्या बुडख्यांतून फुटलेल्या पिकात) केवडा आला, म्हणजे लोह कमी पडून कोवळी पानं पिवळी, पुढे पांढरट. शिरा मात्र हिरव्या, जुनी पानं ठीक. युरिया दिला, नुसतं फेरस सल्फेट (लोहाचं खत) सरीत टाकलं. पैसे गेले, फरक शून्य. चुनखडीत लोह अडकतं, मुळांना मिळत नाही.

लागू पडलं ते असं. आधी पाणी तोडून वाफसा आणला (जमीन ओलसर, पण चिखल नाही). मग 10 लिटर पाण्यात आधी 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ते विरघळल्यावर 50 ग्रॅम फेरस सल्फेट. द्रावण तांबूस झालं तर फेकून द्या, लोह वाया गेलेलं असतं. संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारणी, आठवड्याने पुन्हा. नवी पानं हिरवी निघाली. जमिनीसाठी एकरी 10 किलो फेरस सल्फेट 100 किलो ओलसर शेणखतात आठवडाभर मुरवून मुळांजवळ मातीआड केलं.