नगरपरिषदेला उभं राहायचंय? घोषणेआधी उरकायची कामं

महानगरपालिकेत महापौराची निवड नगरसेवक करतात. नगरपरिषदेत आणि नगरपंचायतीत मात्र नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. २०२० मध्ये ही थेट निवड बंद झाली आणि २०२२ मध्ये परत आली. पुढची तयारी या दुसऱ्या प्रकारासाठी आहे, मग नगराध्यक्षपदाला उभं राहायचं असो वा नगरसेवकपदाला.

आधी वेळेचा हिशेब. २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबरला कार्यक्रम जाहीर केला. १० तारखेपासून अर्ज घेतले, १७ ही शेवटची तारीख आणि १८ ला छाननी. म्हणजे घोषणेपासून शेवटच्या दिवसापर्यंत तेरा दिवस, त्यातही सुट्ट्या. एवढ्या दिवसांत प्रचाराचं साहित्य छापून होतं, पण आजोबांच्या शाळेतला दाखला मिळत नाही. त्यामुळे कागदांची सुरुवात आरक्षण सोडतीपासून, म्हणजे कोणती जागा कोणासाठी राखीव हे चिठ्ठीने ठरतं तेव्हापासून करा, घोषणेपासून नव्हे.

राखीव जागेवर लढायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र हे सगळ्यात वेळखाऊ काम. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. समितीला वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे लागतात आणि किती जुने हे प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यू नोंदीचा गाव नमुना, जुनं खरेदीखत यातलं जे सापडेल ते काढा. लग्न झालेल्या स्त्रीची जात माहेरकडच्या कागदांवरून ठरते, सासरकडचे कागद इथे उपयोगाचे नाहीत. शिवाय दाखल्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं, अशी तफावत हमखास निघते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत नसेल तर छाननीत त्यावरच हरकत येते. वैधता हातात नसली तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ठरल्या मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडून अर्ज भरता येतो. पण निवडून आल्यावर ती मुदत चुकली तर पद जातं. पोच म्हणजे वैधता नव्हे, हे कार्यकर्त्यांना कितीही सांगितलं तरी कमीच पडतं.

पात्रतेचं बाकी सगळं एका बैठकीत तपासून होतं. वय २१ पूर्ण हवं. नाव त्याच नगरपरिषदेच्या मतदार यादीत हवं, प्रभाग कुठलाही चालतो; दुसऱ्या प्रभागातून उभं राहत असाल तर आपलं नाव असलेल्या यादीची प्रमाणित प्रत जोडा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्रता येते. पहिल्या मुलानंतर जुळी झाली तर ती एकच धरली जातात. तिसरं मूल दत्तक देऊन मात्र सुटका होत नाही. नगरपरिषदेच्या ठेक्यात स्वतःचा हिस्सा असेल तर तो अर्जाआधी मोकळा करा. घरपट्टी-पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि तो घेताना घराच्या उताऱ्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. घर वडिलांच्या नावावर आणि थकबाकी त्यांच्या खात्यावर, यावरून विरोधक वाद घालतात आणि छाननीचा अर्धा तास त्यातच जातो. शौचालय वापराचा दाखलाही त्याच फेरीत काढा.

आता मतदार यादी. आयोग स्वतंत्र यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठराविक तारखेला घेऊन प्रभागांत फोडतो. २०२५ साठी ही तारीख १ जुलै होती. त्या तारखेनंतर नोंदवलेलं नाव या निवडणुकीत येणार नाही, कितीही खटपट केली तरी. प्रारूप यादीवरच्या हरकतींत तीनच प्रकारची कामं होतात: लेखनिकाच्या चुका, चुकीच्या प्रभागात गेलेली नावं आणि विधानसभेच्या यादीत असून इथे गळलेली नावं. पहिल्याच दिवशी प्रारूप यादी विकत घ्या आणि प्रभागाच्या सीमेवरच्या गल्ल्या घरोघर पडताळा. रस्त्याची एक बाजू या प्रभागात आणि दुसरी त्या, अशा ठिकाणी अख्ख्या इमारती इकडच्या तिकडे जातात आणि शे-दोनशे मतांनी निकाल लागणाऱ्या प्रभागात तेवढं पुरतं. दुबार नावांपुढे २०२५ च्या यादीत दोन तारांकित चिन्हं होती. अशा मतदाराला कोणत्या केंद्रावर मत देणार हे आधीच लिहून द्यायचं असतं, तेव्हा आपल्या ओळखीचे असे मतदार गाठून तो अर्ज भरून घ्या.

अर्ज भरताना सगळ्यात आधी जागेचं अक्षर बघा. नगरपरिषदेच्या प्रभागात साधारण दोन जागा असतात, अ आणि ब, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं. ‘प्रभाग ४-अ’ ऐवजी ‘४-ब’ लिहिलं की अर्ज भलत्याच आरक्षणात जाऊन पडतो. नगरसेवकपदाच्या अर्जावर सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा, त्याच प्रभागाचा मतदार हवा. त्याचा यादी भाग आणि अनुक्रमांक अंतिम यादीतून उतरवा, प्रारूप यादीतून नको, कारण क्रमांक बदलतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला आणि इतर नोंदणीकृत पक्षांच्या उमेदवाराला पाच लागतात. पक्षाचं तिकीट नक्की असलं तरी पाच सूचकांच्या सह्या घेऊन ठेवाव्यात हे आमचं ठाम मत. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या क्षणी दुसऱ्याला गेला तर एका सूचकाचा अर्ज अपक्ष म्हणूनही टिकत नाही. २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या अनगर नगरपंचायतीत नगराध्यक्षपदाचा एक अर्ज सूचकाची सही नसल्यावरून बाद झाला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली.

एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. शाईची मूळ सही हवी, झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरची प्रिंट चालत नाही. नाव, प्रभाग आणि जागेचं अक्षर अर्जाशी जुळतं का ते पक्ष कार्यालयातून बाहेर पडायच्या आधी वाचा. तिथून निघाल्यावर दुरुस्ती करणारा माणूस सापडत नाही.

शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. आडवी रेघ मारून काम भागत नाही. गुन्ह्यांच्या रकान्यात प्रलंबित खटलेही येतात, आंदोलनातले जुने गुन्हेसुद्धा, त्यामुळे पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयातून क्रमांक, कलमं आणि सद्यस्थिती आधीच आणा. जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता लिहिताना सातबारा, मालमत्ता पत्रक, बँक पासबुक, विमा आणि सोसायटीचं कर्ज समोर ठेवून लिहा. अंदाजाने लिहिलेला आकडा विरोधकाच्या वकिलाला आयता मिळतो.

खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या आधी उघडा. २०२५ च्या मर्यादा अशा होत्या: अ वर्ग नगरपरिषदेत नगराध्यक्षासाठी १५ लाख आणि सदस्यासाठी ५ लाख रुपये, ब वर्गात ११.२५ लाख आणि ३.५ लाख, क वर्गात ७.५ लाख आणि २.५ लाख, नगरपंचायतीत ६ लाख आणि २.२५ लाख. यात घोटाळा होतो तो दरपत्रकामुळे. निवडणूक कार्यालय चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, रिक्षा, झेंडा अशा प्रत्येक वस्तूचा दर ठरवतं. तुम्हाला मंडप मित्राने फुकट दिला तरी तो त्या दराने खर्चात धरला जातो. पॅनेलच्या एकत्र पत्रकाचा खर्च त्यावरच्या उमेदवारांत विभागा आणि वाटणीचा कागद बिलाला जोडा. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापलेली हवी. रोजचा हिशेब रोज द्यायचा असतो, म्हणून हे काम प्रचारात न फिरणाऱ्या एकाच माणसाकडे सोपवा. आठवड्याचा हिशेब एकदम लिहायला बसलेल्याची बिलं जुळत नाहीत.

छाननीला स्वतः जा, सोबत वकील आणि प्रत्येक कागदाची मूळ प्रत न्या. अर्ज बाद झाला तर नगरपरिषदेच्या निवडणुकीत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत अगदी थोडी असते. निर्णयाची प्रत त्याच दिवशी मागा. अपिलांचा निकाल उशिरा लागला म्हणून २०२५ मध्ये काही ठिकाणचं मतदान २ डिसेंबरवरून २० डिसेंबरला गेलं आणि सगळीकडची मतमोजणी २१ ला झाली. इतके दिवस मतदान यंत्रांच्या खोलीबाहेर पाळीने बसायला माणसं लागली, ती कोणाच्याच हिशेबात नव्हती. तेव्हा माणसांचं नियोजन मतदानाच्या संध्याकाळी संपवू नका. अपक्षाने चिन्हासाठी तीन पसंती लिहायच्या असतात. लांबून ओळखू येतील आणि भिंतीवर रंगवता येतील अशी चिन्हं निवडा.

प्रचाराबद्दल सांगण्यासारखं एकच, कारण बाकीचं सगळ्यांना येतं. दोन जागांच्या प्रभागात मतदाराला तीन बटणं दाबायची असतात: एक नगराध्यक्षासाठी, दोन सदस्यांसाठी. नगरपंचायतीत दोन. सगळी मतं पूर्ण झाल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो, आणि बरीच वयस्कर मंडळी एक बटण दाबून बाहेर निघतात. नमुना मतपत्रिका घेऊन हे घरोघर समजावा. ‘तीन बटणं’ हे शब्द चिन्हाइतकेच पाठ झाले पाहिजेत.

मतदान सकाळी साडेसातला सुरू होतं, पण त्याआधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, असते, म्हणून प्रतिनिधी सहाच्या सुमाराला केंद्रावर हवा. प्रत्येक केंद्रासाठी एक प्रतिनिधी आणि एक बदली, दोघांची नेमणूकपत्रं आदल्या दिवशीच सही करून त्यांच्या हातात. त्याच्या पिशवीत खुणा केलेली यादी, दोन पेनं, पाणी, डबा आणि ओळखपत्र असावं. साडेपाचला मतदान बंद झाल्यावर सीलचे क्रमांक आणि एकूण मतांचा आकडा लिहून घेतल्याशिवाय त्याने केंद्र सोडायचं नाही. मोजणीच्या टेबलावर याच कागदाशी ताळा घ्यायचा असतो.

निकाल काहीही लागो, ३० दिवसांत खर्चाचा अंतिम हिशेब दाखल करा. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरून बसतात. बिलं, बँकेचा उतारा आणि शपथपत्र यांची दाखल केल्याची पोच फाईलला लावून ठेवा.